गेम कंट्रोलरचा इनपुट लॅग कसा मोजायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोलरच्या लॅगबद्दलचे प्रश्न साधारण तेच तेच येतात, फक्त कंट्रोलरचं नाव बदलतं. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, मधले हातात सोल्डरिंग गन असलेल्यांसाठी आणि शेवटचे "सगळं केलं तरी आकडा जुळत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इनपुट लॅग म्हणजे नेमकं काय? कंट्रोलरचा लॅग आणि गेमचा लॅग एकच ना?

एकच नाही, आणि निम्मे वाद इथेच सुरू होतात. बटण दाबल्यापासून पडद्यावर काहीतरी हलेपर्यंत जो वेळ जातो तो अख्ख्या साखळीचा लॅग. आधी कंट्रोलरला बटण दाबल्याचं कळतं, मग तो संदेश वायरीतून किंवा हवेतून पीसीकडे किंवा कन्सोलकडे जातो. मग गेम तो संदेश वाचून पुढची फ्रेम बनवतो आणि शेवटी टीव्ही ती फ्रेम दाखवतो. कंट्रोलरच्या वाट्याला यातले फक्त पहिले दोन टप्पे येतात.

प्रमाण लक्षात यावं म्हणून एक उदाहरण. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची असते. २०१६ साली स्ट्रीट फायटर ५ आला तेव्हा त्याचा लॅग सुमारे ८ फ्रेम असल्याची ओरड झाली होती. म्हणजे जवळपास १३० मिलिसेकंद. त्या साखळीत कंट्रोलरचे ५ मिलिसेकंद कमी करून काय साधणार होतं? म्हणून कुणी "या कंट्रोलरचा लॅग अमुक मिलिसेकंद" असं सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठून कुठपर्यंत? याचं उत्तर मिळालं नाही तर तो आकडा विसरून जा.

२. खोक्यावर १००० हर्ट्‌झ लिहिलंय. म्हणजे लॅग १ मिलिसेकंद, बरोबर?

नाही. पोलिंग रेट म्हणजे पीसी कंट्रोलरला सेकंदाला किती वेळा "काही नवीन?" असं विचारतो तो आकडा. दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा झाली तर १२५ हर्ट्‌झ, ४ ला २५०, १ ला १०००. साध्या फुल-स्पीड यूएसबीवर १ मिलिसेकंद ही खालची मर्यादा आहे. ८००० हर्ट्‌झवाल्या उपकरणांना हाय-स्पीड यूएसबी लागतं, कारण तिथे वेळेचे तुकडे १२५ मायक्रोसेकंदांचे असतात.

याची तुलना एसटीशी करा. दर ८ मिनिटांनी गाडी सुटत असेल तर स्टँडवर तुम्हाला सरासरी ४ मिनिटं थांबावं लागेल, नशीब चांगलं असेल तर शून्य, वाईट असेल तर पूर्ण ८. पोलिंगमुळे वाढणारा वेळ असा असतो. पण घरातून निघून स्टँडवर पोचायला लागलेली वीस मिनिटं त्यात धरलेली नाहीत. कंट्रोलरच्या आतली चिप बटणं कितीदा तपासते, डिबाउन्ससाठी किती थांबते (प्रश्न १०), स्टिकचं वाचन किती गाळते (प्रश्न ११) हा सगळा घर ते स्टँड प्रवास. १००० हर्ट्‌झचा कंट्रोलर आतल्या आत १५ मिलिसेकंद खाऊ शकतो, आणि २५० हर्ट्‌झचा एखादा त्याच्यापुढे सहज निघून जातो.

३. माणसाला प्रतिक्रिया द्यायलाच २०० मिलिसेकंद लागतात. मग ४-५ मिलिसेकंदांनी काय बिघडतं?

पडद्यावर काही दिसल्यावर बटण दाबायचं असेल तर फारसं बिघडत नाही. पण बरंचसं खेळणं तसं नसतं. फायटिंग गेममधला कॉम्बो, रिदम गेममधला ठेका, प्लॅटफॉर्मरमधली काठावरची उडी या गोष्टी आपण आधीच ठरवून, तालात करतो. तबलजी सम ऐकून मग हात उचलत नाही.

तालाच्या बाबतीत स्थिर उशीर फारसा नडत नाही, हात दोन-चार दिवसांत तो शिकून घेतो. नडतो तो बदलता उशीर. समजा, एखादी चाल बरोबर एका फ्रेममध्येच लागते, म्हणजे तुमच्याकडे १६.६७ मिलिसेकंदांची खिडकी आहे. कंट्रोलरचा उशीर दर वेळी ० ते ८ मिलिसेकंदांमध्ये कुठेही पडत असेल, तर हमखास लागेल अशी खिडकी उरते ८.६७ मिलिसेकंदांची. तोच फरक ० ते १६ झाला की खिडकी जवळपास बंद. पुढे सरासरीपेक्षा विखुरण्यावर जास्त भर दिसेल, तो यासाठी.

४. वायरवाला घेऊ की वायरलेस?

"वायर म्हणजे वेगवान" हा नियम आता सरसकट चालत नाही. वायरलेसमध्येही दोन जाती आहेत.

स्वतःचा डोंगल (यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रिसीव्हर) घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्‌झचे कंट्रोलर दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे असतात, त्यामुळे ते हवे तितक्या वेळा बोलू शकतात. चांगल्या कंट्रोलरमध्ये डोंगल आणि वायर यांतला फरक एखाद-दोन मिलिसेकंदांचा असतो. ब्लूटूथचं तसं नाही. एक्सबॉक्सच्या सध्याच्या कंट्रोलरसारखी उपकरणं वापरतात त्या ब्लूटूथ लो एनर्जीत दोन भेटींमधलं नेहमीचं किमान अंतर ७.५ मिलिसेकंद आहे, आणि फोन किंवा लॅपटॉप त्याहून मोठं अंतर ठरवू शकतो. जुन्या, क्लासिक ब्लूटूथचे टप्पे ६२५ मायक्रोसेकंदांचे, तिथे गणित निराळं (प्रश्न १६).

वायरलेस चाचणी करताना डोंगल कुठे लावला आहे ते आधी बघा. यूएसबी ३ पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतात; इंटेलने २०१२ मध्येच त्यावर लेख काढला होता. पीसीच्या मागे, पत्र्याला चिकटून, हार्ड डिस्कशेजारी लावलेला डोंगल म्हणजे लग्नाच्या वरातीत फोनवर बोलणं. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, नजरेच्या टप्प्यात आणा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

५. कंट्रोलर न उघडता घरच्या घरी मोजता येईल का?

येईल, स्लो मोशन कॅमेऱ्याने. पण त्यातून मिळतो अख्ख्या साखळीचा लॅग. कंट्रोलरचा एकट्याचा आकडा त्यातून निघत नाही. दोन कंट्रोलरमधला फरक मात्र काढता येतो.

फोन २४० फ्रेमवर लावा. एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा फोन स्टँडवर घट्ट बसवा. बटण दाबताच लगेच काही बदल दिसेल असा गेम निवडा: उडी चालेल, तलवार उगारण्याचं लांबलचक ॲनिमेशन नको. मग व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत, बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावर पहिली हालचाल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. दोन्ही कंट्रोलर त्याच गेमवर, त्याच टीव्हीवर, त्याच जागी तपासा.

काही गोष्टी सांगूनच ठेवतो. दिवसाउजेडी, खिडकीजवळ शूटिंग करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एरवी ते डोळ्यांना कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये सगळी चौकट धडधडते आणि "पहिली हालचाल" कुठली ते ओळखणं कठीण होतं. फोनवर ९६० फ्रेमचा मोड असेल तर हुरळून जाऊ नका. अनेक फोनमध्ये त्यातल्या बऱ्याचशा फ्रेम कॅमेऱ्याने टिपलेल्या नसतात, सॉफ्टवेअरने मधल्या मध्ये रचलेल्या असतात, आणि रचलेल्या फ्रेमवर मोजमाप कसलं करणार! पडद्यावरची मोजायची जागाही तीच ठेवा. ६० हर्ट्‌झचा पडदा वरून खाली रंगत जातो, त्यामुळे तळाशी चित्र उमटायला वरच्यापेक्षा जवळपास १६ मिलिसेकंद जास्त लागतात.

या पद्धतीने प्रत्येक कंट्रोलरच्या ३० नोंदी घेतल्या तरी ३ मिलिसेकंदांच्या आतला फरक खात्रीने सांगता येत नाही. त्याहून बारीक हवं असेल तर प्रश्न ७.

६. वेबसाइटवर स्टिक गोल फिरवली की हर्ट्‌झ दिसतो. तो खरा मानायचा का?

अंदाज म्हणून ठीक. ब्राउझर कंट्रोलरची स्थिती आपल्या ठरलेल्या वेळी वाचतो आणि पान ती साधारणपणे पडद्याच्या ताजेपणाइतक्याच वेळा बघतं, त्यामुळे दिसणारा आकडा बऱ्याचदा ब्राउझरचाच असतो. वेगळा प्रोग्रॅम उतरवून मोजलं तर ही अडचण जाते. तरीही तो पोलिंगचा आकडा असतो, लॅगचा नाही (प्रश्न २).

प्रोग्रॅमने मोजताना एक फसवणूक ओळखायला शिका. माझ्याकडे आलेला एक कंट्रोलर सेकंदाला १००० संदेश पाठवायचा. छान वाटलं. मग कच्ची नोंद उघडून बघितली तर स्टिकची तीच किंमत चार-चार वेळा येत होती. आतलं वाचन २५० वेळाच आणि बाकी सगळं दुधात पाणी. स्टिक हलती ठेवून *बदललेल्या* किमती मोजा; नुसते संदेश मोजू नका.

७. अर्डुइनोने नीट मोजायचंय. काय काय लागेल आणि कसं जोडायचं?

कल्पना सोपी आहे. अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) स्वतः बटण "दाबतो", घड्याळ सुरू करतो आणि संदेश पोचल्याची खूण मिळाली की थांबवतो. सुरुवात आणि शेवट एकाच घड्याळावर असणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सुरुवात अर्डुइनोच्या घड्याळावर आणि शेवट पीसीच्या घड्याळावर लिहून नंतर वजाबाकी करणाऱ्यांनी आपला वेळ फुकट घालवला आहे, अस्मादिकांसकट.

सामान फार नाही: कुठलाही अर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय पिको, पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (दोन सर्किटं एकमेकांना न जोडता प्रकाशाने चालणारा स्विच), एक रेझिस्टर आणि दोन बारीक वायरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका चकरेत मिळतं. कंट्रोलर उघडून बटणाच्या दोन संपर्कांवर वायरी सोल्डर करा आणि त्या ऑप्टोकपलरच्या ट्रान्झिस्टर बाजूला जोडा. त्याला दिशा असते. चालला नाही तर वायरी उलट्या करा. थेट अर्डुइनोची पिन लावायचा मोह टाळा. ऊनो ५ व्होल्टवर चालतो आणि कंट्रोलरमधली चिप सहसा ३.३ किंवा त्याहून कमी व्होल्टवर. एका चुकीच्या 'हाय'मध्ये चिपचं राम नाम सत्य होऊ शकतं. ऑप्टोकपलरचा स्वतःचा उशीर काही मायक्रोसेकंदांचा, तो सोडून द्या.

आता पोचल्याची खूण. सोपा मार्ग असा: पीसीवरचा छोटा प्रोग्रॅम बटणाची नोंद येताच सिरीयल पोर्टवरून एक अक्षर परत पाठवतो. या परतीच्या प्रवासालाही वेळ लागतो, म्हणून आधी कंट्रोलरशिवाय नुसतं अक्षर पाठवून परत यायला किती लागतं ते शंभरेक वेळा मोजा. त्यातला परतीचा वाटा वजा करायचा आहे आणि जायचा-यायचा वेळ सारखा धरला तर तो निम्मा. इथे एक खड्डा आहे. अर्डुइनोवर एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सिरीयल चिप असेल तर विंडोजमधल्या तिच्या ड्रायव्हरचा 'लेटन्सी टायमर' मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो १ करा, नाहीतर तुम्ही कंट्रोलर सोडून सिरीयल पोर्टच मोजत बसाल.

जास्त स्वच्छ मार्ग म्हणजे कंट्रोलर रास्पबेरी पायला (पिको नव्हे, लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) लावायचा आणि नोंद येताच पायच्या जीपीआयओ पिनवर सिग्नल काढायचा. अर्डुइनो ती पिन बघतो. सिरीयलची भानगडच संपते.

८. किती वेळा दाबायचं? मी दहा वेळा दाबून सरासरी काढली, चालेल का?

दहा कमी आहेत, पण त्याहून मोठी चूक ठराविक अंतराने दाबणं ही आहे.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्डुइनोला बरोबर दर १०० मिलिसेकंदांनी बटण दाबायला सांगितलं होतं. कंट्रोलर २५० हर्ट्‌झचा. उत्तर आलं ०.३ मिलिसेकंद, आणि सगळ्या नोंदी जवळपास तंतोतंत सारख्या. मित्रांना फोटो पाठवून झाले. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी, तोच कंट्रोलर, उत्तर ३.६. कारण उघड होतं: १०० ला ४ ने भाग गेला की बाकी शून्य. म्हणजे माझा प्रवासी दर वेळी गाडी सुटण्याच्या बेतात असतानाच स्टँडवर पोचत होता, आणि दुसऱ्या दिवशी दर वेळी गाडी नुकतीच सुटलेली असायची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, इथे ती प्रत्येक वेळी पडत होती.

म्हणून दोन दाबांमधलं अंतर यादृच्छिक ठेवा, उदाहरणार्थ ८० ते २०० मिलिसेकंदांमध्ये कुठेही, आणि तेही मायक्रोसेकंदांच्या पायरीने. मिलिसेकंदांच्या पायरीने बदललं तर १००० हर्ट्‌झच्या कंट्रोलरवर पुन्हा तोच घोळ.

संख्येचं गणित असं. ८ मिलिसेकंदांच्या पोलिंगमुळे प्रत्येक नोंद साधारण २.३ मिलिसेकंदांनी इकडेतिकडे होते (८ भागिले १२ चं वर्गमूळ). १०० नोंदींच्या सरासरीत ही अनिश्चितता दहापट कमी होऊन ०.२३ वर येते. यंत्रच दाबतंय तर कंजुषी कशाला, १००० घ्या, दोन-तीन मिनिटांत होतं. कॅमेऱ्याने मोजत असाल तर ६० हर्ट्‌झच्या गेमचं विखुरणं एकट्याचंच ४.८ मिलिसेकंदांचं असतं. २५ नोंदींनंतर अनिश्चितता कुठे १ वर येते.

९. निकाल सांगताना सरासरी सांगू की कमाल?

किमान, मध्यक (नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी), ९९ वा शतमानक (शंभरातल्या ९९ नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा), कमाल आणि शक्य असेल तर आलेख. किमान आकड्यावरून कंट्रोलरचा आतला, टाळता न येणारा उशीर कळतो. किमान आणि कमाल यांतलं अंतर पोलिंगच्या अंतराइतकंच निघालं तर तब्येत ठणठणीत. त्याहून मोठं असेल तर आत आणखी एखादं घड्याळ आपल्या तालात चालू आहे किंवा हवेत संदेश गहाळ होत आहेत. नुसत्या सरासरीत हे सगळं झाकलं जातं. हजारातला एकच दाब ६० मिलिसेकंद उशिरा आला तर सरासरी ढिम्म हलत नाही, पण मॅच मात्र त्याच दाबावर जाते.

१०. डिबाउन्स म्हणजे काय? त्याने लॅग वाढतो का?

धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की लगेच शांत होत नाहीत. काही काळ थरथरतात. चिपला तेवढ्यात पाच-सहा दाब दिसू शकतात. ते एकच धरण्याची युक्ती म्हणजे डिबाउन्स. ती दोन प्रकारे करतात. थरथर थांबेपर्यंत वाट बघून मग संदेश पाठवायचा, यात समजा ५ मिलिसेकंद लावले तर तेवढे थेट लॅगमध्ये जमा होतात. किंवा पहिला स्पर्श होताच संदेश पाठवायचा आणि पुढचे ५ मिलिसेकंद त्या बटणाकडे कानाडोळा करायचा, यात दाबताना काहीच वाढत नाही.

दुसऱ्या प्रकारात सोडण्याचा संदेश उशिरा जाऊ शकतो. म्हणून दाबणं आणि सोडणं दोन्ही मोजा. चार्ज सोडून मारायच्या चाली किंवा बटण धरून ठेवण्यावर उडीची उंची ठरणारे गेम खेळणाऱ्यांना सोडण्याचा आकडाही तितकाच लागतो, पण तो छापतो कोण?

प्रश्न ७ मधल्या चाचणीत ऑप्टोकपलर थरथरत नाही. डिबाउन्सचा ठरलेला उशीर त्यात दिसतो, पण जुनं, मळलेलं बटण प्रत्यक्षात किती त्रास देतं ते दिसत नाही.

११. बटणांचा लॅग ३ आणि स्टिकचा १५ आला. माझी जोडणी चुकली का?

बहुधा नाही. बटण म्हणजे हो की नाही. स्टिक म्हणजे सतत थरथरणारं व्होल्टेज, आणि ते स्थिर दिसावं म्हणून बरेच कंट्रोलर मागच्या काही वाचनांची सरासरी काढून पाठवतात. स्टिक जागेवर दगडासारखी स्थिर दिसते, जाहिरातीत छान वाटतं, पण झटक्यात हलवली की किंमत मागून रांगत येते.

म्हणून स्टिकचा लॅग एका आकड्यात सांगूच नये. हालचाल सुरू झाल्याची पहिली चाहूल कधी लागली आणि किंमत टोकाला कधी पोचली, हे दोन वेगळे आकडे आहेत. पोटेन्शियोमीटरवाल्या स्टिकमध्ये मधल्या पिनवर इलेक्ट्रॉनिक स्विचने व्होल्टेज झटक्यात बदलून हे मोजता येतं. चुंबकावर चालणाऱ्या स्टिकला सोलेनॉइडने (वीज दिली की दांडा पुढे सरकवणारी गुंडाळी) खरोखर ढकलावं लागतं, आणि मग सोलेनॉइडच्या दांड्याला लागणारा वेळ वेगळा मोजून वजा करावा लागतो.

१२. डेडझोन लॅगमध्ये धरायचा का?

मोजमापात नाही, अनुभवात हो. डेडझोन म्हणजे स्टिकच्या मध्याभोवतीचा तो भाग, जिथली हालचाल गेम धरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये (विंडोजवर गेम कंट्रोलर वाचतात ती पद्धत) स्टिकची किंमत एका बाजूला ३२७६७ पर्यंत जाते आणि सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकसाठी ७८४९, उजव्यासाठी ८६८९ आहे. म्हणजे जवळजवळ पाव प्रवास गेम बघतच नाही! अंगठ्याला मध्यापासून टोकाला जायला ४० मिलिसेकंद लागतात असं धरलं तर त्यातले दहाएक मिलिसेकंद डेडझोनमध्येच जातात. गेममध्ये डेडझोन कमी करायची सोय असेल तर नवीन कंट्रोलर घेण्याआधी ते करून बघा, फुकट आहे. ट्रिगरचंही तसंच, तिथे २५५ पैकी ३० हा उंबरठा सुचवलेला आहे.

१३. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर स्टिकमुळे लॅग कमी होतो का?

नाही. त्यांचा फायदा टिकण्यात आहे. जुन्या पोटेन्शियोमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची पाती घासते, पट्टी झिजते आणि स्टिक न हलवता पात्र चालू लागतं, म्हणजेच ड्रिफ्ट. हॉल आणि टीएमआर दोन्ही चुंबकाचं क्षेत्र वाचतात, त्यात काही घासत नाही. टीएमआरला वीज कमी लागते, म्हणून वायरलेसमध्ये ते आवडतं. लॅग ठरतो तो त्यांच्यामागच्या फर्मवेअरवर, म्हणजे कंट्रोलरच्या चिपमधल्या प्रोग्रॅमवर (प्रश्न ११).

१४. पोलिंग रेट ओव्हरक्लॉक करू का?

कंट्रोलरची चिप तयार असेल तर पोलिंगचा भाग खरोखर कमी होतो. लिनक्सच्या यूएसबी-हिड मॉड्युलमध्ये त्यासाठी 'जेएसपोल' नावाचा पर्याय आहे. एक्सबॉक्स पद्धतीचे कंट्रोलर वेगळ्या 'एक्सपॅड' ड्रायव्हरवर चालतात, त्यांना तो लागू होत नाही. "सेटिंग बदललं पण काहीच झालं नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. विंडोजवर बाहेरचा फिल्टर ड्रायव्हर बसवावा लागतो. ऑनलाइन स्पर्धा खेळत असाल तर गेमचं अँटी-चीट त्यावर काय म्हणतं ते आधी तपासा. आणि बदल केल्यावर प्रश्न ६ मधली पुनरावृत्तीची तपासणी करा, कारण चिप जुन्याच वेगाने वाचत असेल तर तुम्ही फक्त गाड्या वाढवल्या, प्रवासी तेवढेच.

१५. जुन्या कन्सोलमध्ये लॅग नव्हताच म्हणतात. खरं का?

कंट्रोलरपुरतं बोलायचं तर जवळजवळ खरं. सुपर निन्टेंडोच्या कंट्रोलरमध्ये प्रोसेसरच नाही, दोन शिफ्ट रजिस्टर आहेत. कन्सोल दर फ्रेमला एकदा "आत्ताची स्थिती पकड" अशी खूण करतो आणि १६ बिट ओढून घेतो, प्रत्येकी १२ मायक्रोसेकंद. सगळं मिळून ०.२ मिलिसेकंद. फ्रेमला एकदाच वाचायचं असल्याने डिबाउन्सचाही फारसा प्रश्न येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण भाड्याने आणायचो ते कॅसेटवाले टीव्ही गेम फॅमिकॉमच्याच नकला होते, त्यांचीही तऱ्हा हीच, फक्त ८ बिटांची. कंट्रोलर कितीही पिवळा पडलेला असो, बटण लागलं की लागलं. वर चित्र दाखवायला ट्यूबचा टीव्ही, जो येणारा सिग्नल साठवून न ठेवता तसाच रंगवत जायचा.

आज तोच कंट्रोलर यूएसबी अडॅप्टरमधून लावला की अडॅप्टरचं पोलिंग मध्ये येतं. निन्टेंडोचा गेमक्यूब कंट्रोलरसाठीचा अडॅप्टर पीसीवर मुळात १२५ हर्ट्‌झवर चालतो. पीसीवर स्मॅश मेली (गेमक्यूबवरचा फायटिंग गेम) खेळणारे तो १००० वर नेतात ते याच कारणाने. अडॅप्टर लावून मोजलेला आकडा अडॅप्टरसकटचा म्हणूनच लिहा.

१६. माझा ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) ब्लूटूथवर वायरपेक्षा वेगवान निघतोय! हे कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि मोजमाप बरोबर आहे. वायरीवर पीसी या कंट्रोलरला दर ४ मिलिसेकंदांनी विचारतो, म्हणजे २५० हर्ट्‌झ. ब्लूटूथवर तो क्लासिक प्रकार वापरतो आणि किती वेळाने पाठवायचं ते पीसीकडून ठरवता येतं. डीएस४विंडोज या प्रोग्रॅममध्ये त्याचं सेटिंगच आहे, १ मिलिसेकंदापर्यंत. त्यामुळे चांगला ब्लूटूथ अडॅप्टर, मोकळी हवा आणि जवळचं अंतर असेल तर वायरलेस जिंकतो. पण आलेखाची शेपटी बघा. शेजारच्या घरांचे तीन राउटर जागे असताना तेच ब्लूटूथ मधूनच वीस-तीस मिलिसेकंदांचा गचका देतं, वायर देत नाही. सरासरीत ब्लूटूथ, भरवशात वायर. प्रश्न ३ पटला असेल तर निवड तुमची तुम्हाला करता येईल.

१७. सगळं तपासलं, कंट्रोलर ४ मिलिसेकंदांचा आहे, तरी गेम जड वाटतो. आता?

टीव्हीचा गेम मोड चालू आहे का? गंमत नाही, सगळ्यात जास्त वेळा उत्तर हेच निघतं. चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू असलेला टीव्ही एकटाच १०० मिलिसेकंद खाऊ शकतो. कंट्रोलरला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यानंतर गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या तालाशी जुळवणारं सेटिंग) तपासा. क्लाउडवर खेळत असाल तर नेटवर्कच्या वेळेपुढे कंट्रोलरचा विषयच काढू नका.

१८. तोच कंट्रोलर, पण दोन जणांनी मोजलेले आकडे वेगळे. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. एकाने संपर्क जुळल्यापासून मोजलेलं असतं, दुसऱ्याने सोलेनॉइड बटणावर पडायला लागल्यापासून, आणि बटणाचा यांत्रिक प्रवासच काही मिलिसेकंद घेतो. फर्मवेअरची आवृत्ती वेगळी असते. एकच कंट्रोलर एक्सइनपुट मोडमध्ये एका वेगाने आणि स्विच मोडमध्ये दुसऱ्या वेगाने बोलतो.

यावर चांगला उपाय म्हणजे स्वतःजवळ एक संदर्भ कंट्रोलर ठेवणं. रास्पबेरी पाय पिकोवर जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर टाकलं आणि एक बटण जोडलं की १००० हर्ट्‌झवर बोलणारा, सरासरी १ मिलिसेकंदाच्या आतला कंट्रोलर काही शे रुपयांत तयार होतो. प्रत्येक चाचणीआधी तो मोजा. त्याचा आकडा मागच्या वेळेपेक्षा वेगळा आला तर बिघाड तुमच्या जोडणीत आहे.

१९. थोडा वेळ कंट्रोलर न वापरता ठेवला की पहिलं बटण उशिरा लागतं, मग सगळं सुरळीत. ही नोंद चाचणीत धरू की काढून टाकू?

काढू नका, वेगळी लिहा. बॅटरी वाचवण्यासाठी वायरलेस कंट्रोलर निवांत असताना बोलणं विरळ करतात. ब्लूटूथमध्ये तर त्याची अधिकृत सोय आहे, क्लासिकमध्ये 'स्निफ मोड' आणि लो एनर्जीत काही भेटी चुकवण्याची मुभा. प्रश्न ८ मधल्या चाचणीत बटण सतत दाबलं जात असल्याने कंट्रोलर कधी डुलकीच घेत नाही आणि हा दोष कुणाला दिसत नाही. म्हणून एक वेगळी फेरी घ्या: २, ५, १० आणि ३० सेकंद थांबून एकेक दाब, प्रत्येकाच्या वीस नोंदी. अर्डुइनो रात्री लावून झोपलात तरी चालेल, फक्त लॅपटॉपची स्वतःची झोप बंद करा. नाहीतर सकाळी मिळणारा आकडा मिलिसेकंदांत नसेल, तासांत असेल.